मोरचेले कुलवृत्तांत, पान पहिलं

आपल्या आडनावावर आमच्या मामेसासऱ्यांइतका जीव लावणारा माणूस मुंबईत दुसरा झाला नसेल. कुणी बायकोवर प्रेम करतो, कुणी मुलांवर, कुणी स्वतःच्या आवाजावर. मामांचं सगळं प्रेम चार अक्षरांवर होतं. मोरचेले. हे आडनाव ते उच्चारायचे तेव्हा जरासे ताठ बसायचे, आणि समोरचा "काय म्हणालात?" असं विचारेल म्हणून क्षणभर थांबायचे. समोरचा विचारायचाच. मग मामांचा दिवस चांगला जायचा.

मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला जावईबापू. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि मुलुंडला, पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. खोल्या लहान, पण दारावरची पितळी पाटी एवढी मोठी की नवखा माणूस दवाखाना समजून आत येऊन बसायचा. दर रविवारी सकाळी मामा ती पाटी चिंचेने घासायचे. मामी आतून म्हणायच्या, "देवघरातल्या समईला कधी हात लावलाय का एवढा?" मामा म्हणायचे, "समई काय, घरोघर असते गं."

प्रचलित आडनावाच्या लोकांची त्यांना मनापासून दया यायची. मी जाधव. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू. आडनाव काही आपल्या हातात नसतं." मैदानात जाधव म्हणून हाक मारली तर पन्नास माणसं मागे वळतील, मोरचेले म्हणून मारली तर एकच वळेल, आणि तो नक्की वळेल, असं ते म्हणायचे. निवडणुकीच्या दिवशी मतदारयाद्या वाचत इतका वेळ उभे राहायचे की मागची रांग ओरडायची. पेपरात आधी निधनवार्ता बघायचे, मग पहिलं पान. एकदा त्यांना सांताक्रूझच्या कुणा मोरचेल्यांची निधनवार्ता दिसली. ओळख ना पाळख, मामा तेराव्याला हजर. संध्याकाळी घरी आले ते त्या घराची चार पिढ्यांची वंशावळ घेऊनच. मामींनी विचारलं, "त्यांनी विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून?" मामा म्हणाले, "विचारलं ना. आडनाव सांगितलं. मग पानात आणखी दोन जिलब्या वाढल्या."

टेलिफोनसाठी त्यांनी अर्ज केला होता तो ओळखीच्या एकाही माणसाकडे टेलिफोन नसताना. तेव्हा नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जायची. मामी म्हणायच्या, "आला तरी बोलणार कुणाशी?" मामा म्हणायचे, "बोलायचंय कुणाला? पुस्तकात नाव छापून येतं." आणि आलं. त्या जाडजूड डिरेक्टरीत मोऱ्यांची फौज सुरू व्हायच्या जरा आधी एकच ओळ, मामांची. मजल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. पुढच्या डिरेक्टरीत दोन ओळी झाल्या. "शंभर टक्के वाढ," मामा म्हणाले. दुसरे मोरचेले वांद्र्याचे होते. मामांनी लगेच फोन लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मोरचेले."

"मीच मोरचेले. आपण कोण?"

"मीही मोरचेले."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "बरं. काम काय होतं?"

"काम काही नाही," मामा म्हणाले. हे संभाषण त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवलं असेल, आणि प्रत्येक वेळी ती पलीकडची शांतता थोडी लांबत गेली.

मोरचेल म्हणजे मोरपिसांचा जाड झुबका. देवावर, पालखीवर, पूर्वी राजेरजवाड्यांवर ढाळत असत तो. हे आडनाव कुठून आलं, हे मामांना ठाऊक नव्हतं, पण राजदरबाराखेरीज दुसरीकडून ते येऊच शकत नाही याबद्दल त्यांची खात्री होती. एकदा मी त्यांच्याबरोबर केस कापायला गेलो होतो. दुकानात दरबाराचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. मध्ये सिंहासनावर राजा, मागे पंखा घेतलेला एक बारीक माणूस. मामांनी त्या बारीक माणसावर बोट ठेवून विचारलं, "हा कोण?"

"नोकर असेल," मी म्हणालो.

"हा मोरचेले," मामा म्हणाले. "आणि बघा, दरबारात एवढे लोक, पण राजाच्या इतकं जवळ दुसरं कुणी उभं आहे का?"

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे, आणि तो सांगावा म्हणूनच मी हे लिहायला बसलो आहे.

मामांना दोन मुली. थोरली लग्न होऊन राणे झाली, धाकटी साळवी झाली. मुलगा नाही. धाकटीची पाठवणी झाली त्या दिवशी मामा दारात उभे होते आणि डोळे पुसता पुसता पाटीकडे बघत होते. मला म्हणाले, "आता या घरात ही पाटी आणि मी. मी गेलो की पाटीही काढतील." महिन्याभरात त्यांनी जाहीर केलं की ते मोरचेले कुलवृत्तांत लिहिणार. मोठमोठ्या घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत असतात. त्यांत मूळपुरुषापासून सगळ्या शाखा आणि वंशावळी असतात. आपलं घराणं लहान आहे म्हणून काय झालं, पुस्तक लहान करू, असं मामांचं म्हणणं. नाव घरात टिकत नसेल तर निदान छापील कागदावर टिकावं, एवढीच त्यांची धडपड होती, आणि ती मला चांगली ठाऊक होती. म्हणून माझा अपराध मोठा आहे.

मी एका सरकारी कचेरीच्या जुन्या दफ्तरखान्यात कारकून होतो. मोडी वाचायला शिकलो होतो. मामांना मोडी येत नव्हती. कुलवृत्तांताची सगळी पानं तयार झाली, राहिलं फक्त पहिलं, आडनावाच्या उगमाचं, आणि ते मामांनी माझ्यावर सोपवलं. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की मामा मुलुंडहून येऊन कचेरीच्या दारात उभे. हातात मामींनी दिलेला डबा, कधी घावन, कधी आंबोळ्या. "सापडलं का काही?" मी म्हणायचो, नाही. ते म्हणायचे, "घाई नाही. बाकी सगळं कंपोझ झालंय, प्रेसवाला फक्त पहिल्या पानासाठी थांबलाय." असं पाच महिने चाललं. मी पहिले दोन महिने खरंच शोधलं. नंतर शोधायचं सोडून दिलं, पण ते सांगायचं धैर्य झालं नाही. एका शनिवारी मामा डबा उघडत असताना मी म्हणून गेलो, "मामा, सापडलं."

त्यांच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं. "काय सापडलं?"

"एका जुन्या यादीत. कुणा सरदाराच्या बैठकीमागे मोरचेल धरून उभा राहणारा इसम."

"उजवीकडे की डावीकडे?"

असा प्रश्न कुणी विचारेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी म्हणालो, "उजवीकडे."

"मला वाटलंच होतं," मामा म्हणाले, आणि मान खाली घालून त्यांनी माझ्यासमोर आंबोळी वाढली. खोटं बोलायला मला किती सोपं गेलं, याचं मला आजही भय वाटतं.

पुस्तक छापून झालं. चाळीस पानांचं, एकशे एक प्रती. मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी कुलसंमेलन ठरलं. मामांनी जमवलेले सगळे मोरचेले मिळून तेवीस जण आले. वांद्र्याचे फोनवाले आले, सांताक्रूझची तेराव्याची मंडळी आली. दारात मामांनी प्रत्येकाच्या छातीवर नावाचा बिल्ला लावला. बिल्ल्यावर फक्त आडनाव. सगळ्या हॉलमध्ये ज्याच्याकडे बघावं तो मोरचेले. ओळख पटायला काडीचा उपयोग नव्हता, पण माणसं एकमेकांचे बिल्ले वाचून हसत होती, आणि थोड्या वेळाने खरोखरच एका घरातली दिसायला लागली. मामांनी तेवीस जणांसाठी लाउडस्पीकर आणला होता. आभार मानताना ते म्हणाले, "समस्त मोरचेल्यांनी उभं राहावं," आणि अख्खा हॉल उभा राहिला. मी आणि बटाटेवडेवाला तेवढे बसून राहिलो.

मग त्यांनी पहिलं पान वाचलं. सरदार, बैठक, उजवी बाजू. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवर बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या. या दहिसरच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, नातवाचा हात धरून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खयचो राजा रे बाबा? ता पोर हुता. मोरचेलाखाली निजयलेला. माका माझ्या सासून सांगितलेला. त्या गावाचा नाव..."

म्हणजे राजाबिजा काही नाही, मोरचेलाखाली निजवलेलं एक मूल होतं. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मामा गडबडले, पण माईक त्यांच्या हातात होता. ते अत्यंत अदबीने म्हणाले, "आजी, तुमचा मान मोठा. पण याला कागद आहे. आमच्या जावईबापूंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाय." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आजींनीही.

मी मान डोलावली.

"कागद आसा तर मगे खरा," आजी म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी बटाटेवडा खाल्ला नाही, पदरात बांधून घेतला आणि मंडळी निघण्याआधीच त्या नातवाबरोबर निघून गेल्या. मी तेव्हा उठून बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बोलायला हवं होतं. मी आठ महिने बोललो नाही. घाटकोपरला घरी जेवायला बसलो की मला ती मान डोलावणं आठवायचं. बायको विचारायची, "काय झालंय तुला?" मी म्हणायचो, पित्त.

आठ महिन्यांनी एका शनिवारी मामा कचेरीत आले. धुतलेला पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, कपाळाला गंध. हातात डबा नव्हता, केळीच्या पानाची पुडी होती.

"आज तो कागद दाखवा," ते म्हणाले. "नियमात बसत नसेल तर लांबूनच. हात धुऊन आलोय."

"पुडीत काय आहे?"

"शेवंती. कागदाला वाहायला. तुमच्या साहेबांना चालेल ना? दोनच फुलं वाहतो, बाकी परत नेतो."

मी त्यांना जिन्यात घेऊन गेलो. तिथे शनिवारी दुपारी कुणी नसायचं. मी म्हणालो, "मामा, कागद नाहीये."

"कुणी नेला?"

"नव्हताच. मी खोटं बोललो."

मामा पायरीवर बसले. पुडी मांडीवर ठेवली. म्हणाले, "सरदार?"

"नव्हता."

"उजवी बाजूपण नाही?"

"नाही, मामा."

ते चिडतील, मला वाटेल ते बोलतील, निदान उठून निघून जातील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते बराच वेळ पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, मी त्या म्हातारीला माईकवर गप्प बसवलं." आणि उठले. "चला. दहिसरला जाऊन येऊ. बस मिळेल ना इथून?"

दहिसरला नदीच्या अलीकडे एका चाळीत आजी राहायच्या. आम्ही पोचलो तेव्हा खाटेवर बसून होत्या. आठ महिन्यांत फार सुकल्या होत्या. मामांना त्यांनी ओळखलं नाही. नातसुनेने सांगितलं, "मुलुंडचे मोरचेले, आजी. संमेलनवाले." मामा खाली वाकले, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती पुडी त्यांच्या हातात दिली.

"माझं चुकलं, आजी. कागद नव्हता. तुम्ही सांगत होतात ते सांगा."

आजींनी शेवंतीचं एक फूल नातसुनेला केसांत माळायला दिलं. "कागद हुतो मा तुझ्याकडे?" त्या म्हणाल्या. तो टोमणा होता, आणि तो त्यांनी चवीने मारला. मग सांगितलं. मोरचेल्यांच्या मूळ घरात मुलं जगत नव्हती. सात झाली, सातही गेली. आठवं झालं तेव्हा आईबापांनी ते उचलून दूरच्या एका गावी पिराच्या दर्ग्यात नेलं. मुजावराने त्याला चटईवर निजवलं आणि रात्रभर त्याच्यावर मोरचेल फिरवलं. पोर जगलं. परत आणलं तेव्हा गाव त्याला मोरचेलो म्हणायला लागलं. त्याची मुलं जगली, त्यांची जगली. आजी म्हणाल्या, "नायतर तू खय असतंस रे?"

मामांनी खिशातून वही काढली होती. "गावाचं नाव काय, आजी? त्या पिराच्या?"

आजींनी डोळे मिटले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "ओठार आसा," त्या म्हणाल्या. आम्ही तासभर बसलो. नातसुनेने दोनदा चहा केला. मामा रत्नागिरीपासून खालची गावं एकेक करून हळू आवाजात घेत गेले आणि आजी प्रत्येक नावाला मान हलवत गेल्या. आठ महिन्यांपूर्वी, त्या हॉलमध्ये, ते नाव त्यांच्या तोंडातून बाहेर पडतच होतं. त्यानंतर मामा आणखी तीनदा एकटेच जाऊन आले. चौथ्या खेपेला खाट रिकामी होती.

पण त्या पहिल्या दिवशी दहिसरहून बसमधून परत येताना मामा माझ्याशी बोलले, तेही नेहमीसारखेच. म्हणाले, "मी उगाच त्या राजाच्या मागे उभा होतो एवढी वर्षं. मोरचेल धरणारे आपण नव्हेच. ज्याच्यावर धरलं ते आपण." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आठवं पोर. काय धीर असेल बघा त्या बाईला." मोरचेले या शब्दाने मामा ताठ व्हायचे, हे मी सुरुवातीला सांगितलं. त्या दिवसापासून तो शब्द ते थोडा हळू म्हणायला लागले.

मग त्यांनी एकशे एक प्रती दुरुस्त करायला घेतल्या. पुन्हा छापायचं नाही, म्हणाले. छापलेलं खोडून हाताने लिहिलं की वाचणाऱ्याला दोन्ही दिसतं. पलंगाखालच्या प्रती घरात झाल्या. वाटलेल्या प्रतींसाठी दर रविवारी मामा एकेका घरी जायचे, आणि मी बरोबर. "रविवार मोकळे ठेवा," एवढंच ते मला म्हणाले होते. वांद्रे झालं, सांताक्रूझ झालं. मामा घरात शिरायचे, पुस्तक मागायचे, जेवणाच्या टेबलावर किंवा शिवणाच्या मशीनवर ठेवून पट्टीने सरदारावर रेघ मारायचे आणि समासात बारीक अक्षरात त्या मुलाची हकिकत लिहायचे. वांद्र्याच्या फोनवाल्यांना सरदार गेल्याचं दुःख झालं. "असू द्या ना," ते म्हणाले, "ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय." मामांनी रेघ मारलीच.

मी त्या वेळी टेबलाच्या पलीकडे बसलेला असायचो. ते काय लिहितायत ते मला उलटं दिसायचं, आणि मी कधी नीट वाचलं नाही. त्या घरांत कुणाला मामांनी माझ्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही, हे मला दिसत होतं. मला वाटलं, ते नुसतं टाळतायत.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात मामींनी घर आवरताना मला एक प्रत दिली. घरी येऊन मी पहिलं पान उघडलं. सरदारावर सरळ रेघ. समासात मामांच्या स्टोअरकीपरी अक्षरात सात मुलं, आठवं मूल, मुजावर, चटई. त्याखाली एक ओळ: "पूर्वीचा मजकूर संपादकाच्या चुकीने छापला गेला. वाचकांनी क्षमा करावी." संपादक म्हणजे मामा. एकशे एक प्रतींवर, एकशे एक वेळा, त्यांनी हे स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. मामांनी मुद्दाम लपवलेलं मी आज उघड करतो आहे, याबद्दल ते असते तर मला रागावले असते. पण ती चूक संपादकाची नव्हती.

त्या हकिकतीत "दूरच्या" आणि "गावी" या दोन शब्दांच्या मध्ये मामांनी चार बोटं जागा कोरी सोडली आहे. माझ्या दफ्तरखान्यात कोकणातल्या गावांच्या याद्या आहेत. शेकडो नावं मला पाठ आहेत, त्यातलं एखादं तिथे इतकं चपखल बसेल की कुणाला शंकाही येणार नाही. मी पेन उघडून बराच वेळ बसलो, आणि मग त्याला टोपण लावून ठेवलं. ती जागा कोरीच आहे.